परसातले कोनफळ

कोनफळ हा वेलीचा कंद. डायोस्कोरिया अलाटा या शास्त्रीय नावातील ‘अलाटा’ म्हणजे पंख असलेली. चौकोनी वेलीच्या कडांना पातळ पापुद्र्यासारखे पंख असतात, म्हणून हे नाव. पाने हृदयाच्या आकाराची आणि समोरासमोर येतात.

लागवड पावसाच्या तोंडावर, मे अखेर ते जूनमध्ये करतात. बेण्यासाठी साल असलेला 200 ते 250 ग्रॅमचा तुकडा घेऊन कापलेल्या बाजूला राख फासतात. दीड-दोन फूट खोल खड्डा खणून भुसभुशीत माती व कुजलेले शेणखत भरतात. माती घट्ट असली की कंद वेडावाकडा होतो. पाणी साचले की कुजतो. वेल मांडवावर किंवा एखाद्या झाडावर चढवतात.

आठ-नऊ महिन्यांनी पाने पिवळी पडून वेल वाळली की कंद काढणीला येतो. कुदळ बुंध्यापासून दूर मारावी, कारण घाव बसलेला कंद टिकत नाही. काढलेले कंद सावलीत, हवेशीर जागी ठेवतात. ते काही काळ सुप्तावस्थेत असल्याने लगेच कोंब फुटत नाहीत आणि बेणेही त्यातूनच राखता येते.

जांभळ्या जातीचा कंद चिरला की आतला गर्द रंग दिसतो. तो अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. कच्च्या कंदातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे हाताला खाज सुटते, म्हणून चिरताना हाताला तेल लावतात. कंद शिजवूनच खावा. उपवासाचे काप, भजी आणि उंधियू यांत तो वापरला जातो.