रक्तातील नवी पिढी : अपक्व रक्तबिंबिकांचे महत्त्व

डेंग्यूच्या साथीत गावोगाव एकच प्रश्न कानी पडतो : "प्लेटलेट किती?" आकडा उतरला की घरच्या मंडळींचा धीर सुटतो आणि रक्तपेढीकडे धावाधाव सुरू होते. ही काळजी स्वाभाविक आहे; परंतु रक्तबिंबिका किती उरल्या, याइतकाच नव्या किती येत आहेत हा प्रश्नही मोलाचा आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

जखमेतून वाहणारे रक्त थांबविण्यासाठी प्रथम धावून येतात त्या या रक्तबिंबिका. इटलीतील वैद्य जुलिओ बित्सोझेरो यांनी १८८२ साली त्यांचे हे कार्य स्पष्ट केले, तर अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडांतील मगजातील, प्रचंड पेशींपासून त्या तुटून निघतात हे जेम्स होमर राइट यांनी १९०६ साली दाखवून दिले. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. एकेकीचे आयुष्य अवघे आठ-दहा दिवसांचे; म्हणून मगजाला नित्य नवी भरती करावीच लागते.

नुकतीच जन्मलेली रक्तबिंबिका बहुधा आकाराने मोठी असते व तिच्या अंगी आर.एन.ए. या द्रव्याचा अंश शिल्लक असतो. तिलाच अपक्व म्हणतात. १९६९ साली इंग्रॅम व कूपरस्मिथ या संशोधकांनी रक्तस्राव झालेल्या कुत्र्यांत अशा रक्तबिंबिका वाढलेल्या पाहिल्या. आज काही प्रयोगशाळांतील यंत्रे त्यांचे प्रमाण मोजतात. यंत्रागणिक थोडा फरक पडतो. तरी निरोगी माणसात ते साधारणतः शेकडा १ ते ७ आढळते.

याचा उपयोग काय? कणगीतील धान्य संपले तर दोन कारणे संभवतात : एक तर शेत पिकले नाही, किंवा पिकलेले उंदरांनी खाल्ले. रिकामी कणगी दोन्ही वेळा सारखीच दिसते. उपाय मात्र निराळे. रक्ताचेही तसेच आहे. काही विकारांत शरीराचीच प्रतिकारशक्ती रक्तबिंबिकांवर उलटते व प्लीहेत त्यांचा नाश होतो. मगज मात्र जोमाने काम करीत असतो. तेथे अपक्वांचे प्रमाण वाढते. उलट, मगजच शुष्क झाला असेल किंवा कर्करोगावरील औषधांनी मंदावला असेल, तर नवी भरती अल्प असते. मात्र हा आकडा एकटा निर्णय देत नाही. काही रोगांत तो फसवाही ठरतो. म्हणून प्रसंगी मगजाची तपासणी करावीच लागते.

डेंग्यूत हे प्रमाण वाढू लागले, तर एक-दोन दिवसांत एकूण संख्याही सावरण्याचा संभव असतो. सिंगापूर व मलेशियातील एका चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. संख्या २०,००० वा त्याहून कमी, पण गंभीर रक्तस्राव नाही, अशा प्रौढ रुग्णांस रक्तबिंबिका चढवूनही रक्तस्राव टळल्याचे दिसले नाही. उलट प्रतिकूल परिणाम अधिक झाले. दान केलेल्या रक्तबिंबिका साधारणतः पाचच दिवस टिकतात. अकारण वापरलेली एक पिशवी कदाचित रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एखाद्या लेकराच्या वाट्याची असते.

तेव्हा रक्तबिंबिका चढवाव्यात की नाही, हे डॉक्टरांस ठरवू द्यावे. त्यासाठी हट्ट धरू नये. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन मनाने देऊ नये. पोटात तीव्र वेदना, सतत वांती, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थता वा ग्लानी दिसताच, ताप उतरला असला तरीही, रुग्णास तत्काळ इस्पितळात न्यावे. कारण पुष्कळदा खरा धोका ताप उतरल्यावरच उभा राहतो. आकड्याकडे पाहावे; पण त्याआधी रुग्णाकडे पाहावे.