गॉयडरची रेषा : सरकारी जमीन आणि पावसाचें माप

सरकारची पडित जमीन हप्त्यानें मिळणार असें वर्तमान कानीं आलें म्हणजे कोणत्याहि शेतकऱ्याचें मन तिकडे धांव घेतें. एकर किती, दर काय, इसारा किती भरावयाचा, मुदत किती वर्षांची, हे प्रश्न तो लगेच विचारतो. परंतु त्या जमिनीवर पाऊस किती पडतो, आणि तोहि चांगल्या वर्षीं नव्हे तर वाईट वर्षीं किती पडतो, हा प्रश्न पुष्कळदां मागें राहतो. तो मागें ठेविल्यास काय होतें याचा एक मोठा दाखला दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या इतिहासांत सांपडतो. इंग्रजांच्या त्या वसाहतींत सरकारच्याच एका अधिकाऱ्यानें नांगराची हद्द कोठें संपते व चराईची कोठें सुरू होते हें नकाशावर रेषा ओढून दाखविलें होतें. कायद्यानें ती रेषा मान्य केली, दोनच वर्षांत ती पुसून टाकली, आणि त्याचें मोल शेतकऱ्यांच्या कुटुंबांस द्यावें लागलें. ती हकीकत आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

जमीन देण्याची रीत

दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ सालीं स्थापन झाली. तत्पूर्वीं १८३४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें जो कायदा केला, त्यांत तेथील भूमि ओसाड व निर्जन असल्याचें गृहीत धरलें होतें. वस्तुतः ती निर्जन नव्हती. फ्लिंडर्स डोंगरांत अद्न्यामथन्हा व त्यांच्या दक्षिणेस नगाजुरी इत्यादि मूळचे लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले होते. तेव्हां पुढें जी जमीन सरकारनें ‘दिली’ ती आधीं कोणाची तरी होती, ही गोष्ट ही हकीकत वाचतांना विसरतां कामा नये.

वसाहतीची आंखणी एडवर्ड गिबन वेकफील्ड याच्या मतास अनुसरून झाली होती. जमीन फुकट वांटूं नये. मजूर येतांक्षणींच मालक होऊं नये इतकी तिची किंमत ठेवावी. आणि विक्रीच्या पैशांतून विलायतेहून नवे मजूर आणावे, असें त्याचें म्हणणें. त्याप्रमाणें मोजलेली जमीन लिलावानें रोख विकली जाऊं लागली आणि कमींत कमी दर एकरीं एक पौंड असा रूढ झाला. ज्या विस्तीर्ण भूमीची मोजणी झाली नव्हती ती मेंढ्या चारण्यासाठीं भाड्यानें दिली जाई. १८५१ पासून असे चराईपट्टे १४ वर्षांच्या मुदतीचे होते. पट्टेदार हा मालक नव्हे. शेतीसाठीं जमीन हवी झाल्यास सरकार ती परत घेऊं शके. मूळच्या लोकांचा त्या भूमीवर फिरण्याचा व शिकार करण्याचा हक्क पट्ट्यांत राखलेला असे. तो व्यवहारांत कितपत पाळला गेला हा प्रश्न निराळा. परंतु जमीन एकदां मालकी हक्कानें विकली म्हणजे कागदावरचा तो हक्कहि उरत नसे.

रोखीच्या लिलावांत लहान शेतकऱ्याचा टिकाव लागेना. ज्याच्या गांठीं भांडवल तो भाव चढवी, आणि शेतकऱ्यास त्याच्याकडूनच चढ्या दरानें जमीन घ्यावी लागे. इकडे शेजारच्या न्यू साउथ वेल्स वसाहतींत १८६१ च्या रॉबर्टसन कायद्यांनीं ४० ते ३२० एकरांपर्यंतची जमीन स्वतः निवडून, चौथा हिस्सा रोख भरून घेण्याची सोय झाली. व्हिक्टोरियानेंहि तशाच सवलती दिल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे शेतकरी गाड्या जुंपून तिकडे जाऊं लागले, तेव्हां येथील सरकारास जाग आली. १८६९ च्या स्ट्रँगवेज कायद्यानें शेतीसाठीं राखलेल्या टापूंत ६४० एकरांपर्यंत, म्हणजे एक चौरस मैलापर्यंत, जमीन उधारीनें मिळूं लागली. किमतीचा पांचवा हिस्सा आरंभीं भरावयाचा व बाकीस चार वर्षांची मुदत, अशी त्याची योजना होती.

येथपर्यंत सर्व ठीक दिसतें. जमिनीचा दस्तऐवजहि निर्वेध होता. कारण सरकारी नोंदवहीतील नोंद हाच मालकीचा पुरावा मानण्याची टॉरेन्स पद्धति जगांत प्रथम याच वसाहतींत १८५८ सालीं सुरू झाली होती. सातबाऱ्यावरील एका नोंदीसाठीं वर्षानुवर्षें खेटे घालणाऱ्या आमच्या वाचकांस तिचें महत्त्व सांगावयास नको. उणीव होती ती दस्तऐवजांत नव्हे, आभाळांत होती.

रेषा कशी आंखली गेली

१८६४ व १८६५ हीं दोन वर्षें उत्तरेकडील कुरणांवर भयंकर दुष्काळाचीं गेलीं. मेंढ्या हजारोंनीं मेल्या आणि पट्टेदारांनीं भाड्यांत सूट मागितली. ती कोणास द्यावी व कोणास देऊं नये हें ठरविण्यासाठीं अवर्षणाचा टापू नक्की कोठून सुरू होतो हें सरकारास कळावयास पाहिजे होतें. हें काम मोजणी खात्याचा मुख्य अधिकारी जॉर्ज वुडरूफ गॉयडर याजकडे आलें. १८६५ च्या नोव्हेंबरांत तो निघाला व घोड्यावरून शेंकडों मैल फिरून डिसेंबरांत त्यानें आपला अहवाल व नकाशा सादर केला.

लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या उजाड भागांत पावसाच्या नोंदी जवळ जवळ नव्हत्या. गॉयडरनें भूमीवरील वनस्पतींनाच साक्षीस बोलाविलें. जेथें मॅली नांवाचीं निलगिरीच्या वर्गांतील खुजीं झाडें संपतात आणि सॉल्टबुश म्हणजे खारट पानांचीं झुडपें लागतात, तेथें भरंवशाचा पाऊस संपतो असें त्यानें ठरविलें. ही रेषा पूर्वेस व्हिक्टोरियाच्या सरहद्दीपासून वायव्येकडे चढत बरा व ओरोरू या गांवांच्या बाजूनें जाते, पुढें दक्षिणेकडे वळून स्पेन्सर आखातास मिळते व पलीकडे पश्चिमेस जाते. नंतर पर्जन्यमापकांच्या नोंदी जमल्या तेव्हां ही रेषा वर्षास सुमारें १० इंच पावसाच्या रेषेशीं स्थूलमानानें जुळते असें दिसून आलें.

आमच्याकडील माणदेशासारख्या दुष्काळी पट्ट्यांतहि सरासरीनें सुमारें २० इंच पाऊस पडतो, हें ध्यानांत घेतल्यास १० इंचांचा अर्थ कळेल. तेथें पाऊस हिंवाळ्यांत पडतो, ऊन कमी असल्यामुळें ओल टिकते, म्हणूनच इतक्या थोड्या पाण्यावर गहूं पिकविण्याची गोष्ट तरी निघूं शकते. परंतु त्याहून पाऊस उणा झाला कीं कणसांत दाणा भरत नाहीं.

रेषा कायद्यांत आली आणि गेली

१८७२ च्या कायद्यानें उधारीची सवलत या रेषेच्या दक्षिणेकडील सर्व सरकारी जमिनीस लागू केली. दुष्काळी सुटीसाठीं ओढलेली रेषा अशा रीतीनें शेतीची कायदेशीर हद्द बनली. पण नेमकीं तींच वर्षें उत्तरेकडे चांगल्या पावसाचीं आलीं. रेषेपलीकडील कुरणें गुडघाभर गवतानें भरलीं. शेतकऱ्यांनीं सभा भरविल्या, वर्तमानपत्रांनीं ओरड केली, आणि मेंढ्यांच्या मालकांसाठीं गरिबांची जमीन अडवून ठेविली आहे असा आरोप झाला. त्याच सुमारास नांगर चालला म्हणजे त्यामागून पाऊस येतो, अशी एक समजूत पसरली होती. अमेरिकेंतील कोरड्या मैदानांतहि तिनें अनेकांस भुलविलें. गॉयडरनें विरोध केला, तो व्यर्थ गेला. १८७४ सालीं कायद्यांतून रेषा काढून टाकण्यांत आली व सर्व वसाहत नांगरास खुली झाली.

आमच्या मतें येथें सर्वस्वीं सरकारासच दोष देऊन भागणार नाहीं. मागणी शेतकऱ्यांचीच होती. मात्र ज्या सरकारजवळ आपल्याच अधिकाऱ्याचा स्पष्ट अभिप्राय होता, त्यानें तो गुंडाळून ठेवून जमीन विकावी, उधारीचे हप्ते लावावे व जमिनीवर राहून ती सुधारण्याची अट घालावी, ही गोष्ट साधी नव्हे. चराईपट्टेदारास पाऊस चुकल्यास मेंढ्या दुसरीकडे हांकतां येत. नव्या वसाहतकऱ्यास अटीनें व कर्जानें त्याच जागीं बांधून टाकलें होतें.

नांगर गेला तेथें काय झालें

रेषेपलीकडे भराभर गांवें आंखलीं गेलीं. हॉकर, गॉर्डन यांसारख्या ठिकाणीं रस्ते व घरांच्या जागा नकाशावर मांडल्या गेल्या. फार उत्तरेकडील एका गांवास १८७८ सालीं ‘फरीना’ असें नांव मिळालें. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ पीठ असा होतो. गव्हाच्या पिठाचें हें कोठार होणार अशी त्यामागें आशा होती. १८८२ मध्यें तेथवर आगगाडीहि पोंचली.

परंतु १८८० ते १८८२ हीं वर्षें अवर्षणाचीं गेलीं. पेरलेलें बींहि हातीं येईना. बियांसाठीं सरकारी मदत घेण्याची पाळी आली, हप्ते थकले आणि कुटुंबें गाड्यांत सामान घालून दक्षिणेकडे परतलीं. दगडी घरें, विहिरी, कुंपणें मागें राहिलीं. आजहि त्या प्रदेशांत छप्पर नसलेल्या भिंती ठिकठिकाणीं उभ्या दिसतात. फरीना हें गांवहि ओसाड झालें.

याहून खोल नुकसान भूमीचें झालें. सॉल्टबुश हें झुडूप बारमाही आहे. त्याचीं मुळें माती धरून ठेवतात, आणि गवत वाळून गेल्यावर मेंढ्यांस तेंच आधार देतें. नांगरानें तें एकदां उपटलें कीं पुन्हां सहजासहजीं उगवत नाहीं. गहूं गेला आणि चाराहि गेला. उघडी माती वाऱ्याबरोबर उडूं लागली. म्हणजे जी जमीन चराईस उत्तम होती ती शेतीस निकामी व चराईसहि दुबळी होऊन बसली.

चराई करणारे सर्वच शहाणे होते असें मात्र नाहीं. चांगल्या वर्षीं मेंढ्या वाढवावयाच्या व वाईट वर्षीं त्यांस मरूं द्यावयाचें, हा त्यांचाहि दोष १८६४-६५ मध्यें उघड झाला होता. रेषेपलीकडे तग धरण्यास निराळी रीत पाहिजे होती. थॉमस एल्डर या धनिकानें १८६६ सालीं कराचीहून शंभरांवर उंट व त्यांसमवेत ३१ उंटवाले आणविले, हें त्याच रीतीचें एक उदाहरण होय. कराची त्या वेळीं मुंबई इलाख्यांत होती. ‘अफगाण’ या एकाच नांवानें ओळखलेल्या या व मागाहून आलेल्या उंटवाल्यांनीं, ज्या वाटांवर बैल व घोडे पाण्यावांचून मरत त्या वाटांनीं धान्य व लोंकर पुढें कित्येक वर्षें वाहून नेली.

रेषेच्या आंतील शेती

रेषेच्या दक्षिणेस शेती सुधारली हेंहि सांगणें जरूर आहे. मॅलीच्या जमिनींत तोडलेल्या झाडांचे बुंधे राहत व नांगर मोडत. १८७६ मध्यें रिचर्ड बोयर स्मिथ यानें बुंधा लागतांच उचलला जाऊन पुन्हां खालीं बसणारा नांगर तयार केला, तेव्हां टाकाऊ समजलेली ती जमीन वाहीत आली. रोझवर्दी येथें १८८३ सालीं ऑस्ट्रेलियांतील पहिलें कृषि महाविद्यालय स्थापन झालें, आणि सुपरफॉस्फेट खताचा प्रसार झाल्यावर थकलेल्या जमिनी पुन्हां पिकूं लागल्या. खत, यंत्र व विद्या यांनीं जमिनीतील उणीव भरून निघते. जो पाऊस पडतच नाहीं त्याची उणीव यांपैकीं कशानेंहि भरून निघत नाहीं.

गॉयडर १८९८ सालीं वारला. त्याची रेषा मात्र आजहि नकाशांवर दाखविली जाते आणि पीक व चराई यांची सरहद्द म्हणून तिचें नांव घेतलें जातें. हवामान तापत चालल्यामुळें ती दक्षिणेकडे सरकेल अशी भीति शास्त्रज्ञ व्यक्त करतात. फ्लिंडर्स डोंगरांतील विस्तीर्ण भूमीवर अद्न्यामथन्हा लोकांचा परंपरागत हक्क २००९ सालीं न्यायालयानें मान्य केला. ती भूमि कधींच निर्जन नव्हती हें अखेर कायद्याच्या कागदावरहि आलें.

शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध

या हकीकतींतून आम्हांस चार गोष्टी निघतात असें वाटतें. पहिली, जमीन घेतांना लागोपाठ आलेल्या दोन-चार चांगल्या वर्षांवर विसंबूं नये. दहा-वीस वर्षांतील सर्वांत वाईट वर्ष कसें गेलें तें विचारावें. दुसरी, पर्जन्याची नोंद नसेल तेथें झाडाझुडपांस विचारावें. भूमीवर आपोआप काय वाढतें ही सर्वांत जुनी नोंदवही होय. तिसरी, सवलतीचा दर पाहण्यापूर्वीं अटी पाहाव्या. पीक बुडाल्यास हप्ता थांबतो कीं नाहीं, आणि जमीन परत करण्याची मोकळीक आहे कीं नाहीं, यावर त्या सवलतीची किंमत ठरते. चौथी, चराईची जमीन ही पडित नव्हे. तिला नांगर लागला नाहीं म्हणून ती रिकामी आहे असें समजणारा सरकारी अधिकारी असो वा शेतकरी असो, दोघेहि सारखीच चूक करतात.

एकराचें माप सांखळीनें घेतां येतें आणि तें एकदां घेतलें कीं झालें. पावसाचें माप मात्र पिढ्यान् पिढ्या घ्यावें लागतें. जमीन देणाऱ्यानें आणि घेणाऱ्यानेंहि हें दुसरें माप आधीं पाहावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.