लोडरच्या जॅकमधील तेलगळती : कारणे व दुरुस्ती

पावसाळ्यापूर्वी शेणखत शेतात पोचविण्याची घाई असते. त्याच दिवसांत ट्रॅक्टरच्या लोडरवर कामाचा सर्वांत जास्त ताण पडतो व त्याचा हायड्रॉलिक जॅक गळू लागतो. मागील उन्हाळ्यात एका गावी आम्हांस असाच एक लोडर पाहावयास मिळाला. मालकाने एकाच हंगामात दोनदा नवे सील बसविले होते. तरी आठ-दहा दिवसांत तेल पुन्हा ठिबकू लागले. जॅकचा दांडा पुसून उजेडात पाहिला, तेव्हा त्यावर दगड लागून पडलेली एक बारीक खाच दिसली. दांडा आत-बाहेर होताना ही खाच प्रत्येक खेपेस नवे सील कापीत होती. सील का फाटले हे न शोधता ते बदलले, तर खर्च असा वाया जातो.

गळती लहान दिसली तरी तिची उपेक्षा करू नये. सेकंदाला एक थेंब तेल गळत असेल, तर आठ तासांत सुमारे दीड लिटर तेल मातीत जाते. टाकीतील पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो, तेलास फेस येतो आणि पंपाचीही झीज होते.

गळती कोठून होते?

जॅक म्हणजे एक पोलादी नळकांडे. त्यात दट्ट्या असतो व दट्ट्याला क्रोमचा मुलामा दिलेला दांडा जोडलेला असतो. दांडा जेथून बाहेर येतो, तेथे ग्लँड बसविलेली असते. ग्लँडमध्ये बाहेरच्या बाजूस धूळ पुसणारे सील व आतील बाजूस तेल अडविणारे सील असते. दट्ट्यावरही सील असते.

प्रथम सर्व भाग कोरडा पुसून घ्यावा व नंतर लोडर चालवून पाहावा. दांड्याभोवती तेल दिसल्यास ग्लँडमधील सील खराब झाले आहे असे समजावे. बाहेर थेंबही न पडता उचललेली बकेट आपोआप खाली येत असेल, तर दोष दट्ट्याच्या सीलमध्ये किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये असतो. कित्येकदा केवळ होज पाइपचा जोड सैल असतो.

आधी जीव सांभाळावा

लोडरमधील तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारणतः १५० ते २०० किलोग्रॅमपर्यंत जातो. बारीक छिद्रातून उडणारी तेलाची धार दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते व आरंभी फारशी दुखतही नाही. परंतु उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून गळती हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. तेल टोचल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. उचललेल्या बकेटखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये.

जॅक खोलणे

बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे व कंट्रोलचे दांडे दोन्ही दिशांनी हलवून दाब काढून टाकावा. जॅक बाहेरून स्वच्छ धुऊन मगच होज सैल करावेत व त्यांची तोंडे स्वच्छ बुचांनी बंद करावीत. दांडा बाहेर काढण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा वापरू नये. दांडा गोळीसारखा सुटून येतो.

जुने सील काढण्यापूर्वी त्याची ओठासारखी कड कोणत्या बाजूस आहे, याची खूण करून ठेवावी. दांड्यावरून नख फिरवावे. नख अडकत नसेल, तर पुसट ओरखडे बारीक पॉलिश पेपरने काढता येतात. नख अडकत असेल, मुलामा उडाला असेल किंवा दांडा वाकला असेल, तर त्यावर पुन्हा क्रोम चढवावे अथवा दांडा बदलावा. ग्लँडमधील बुश एकाच बाजूने झिजला असेल, तर जॅकच्या पिना सैल झाल्या आहेत काय हेही पाहावे.

पुन्हा जोडणे

सीलचे माप झिजलेल्या जुन्या सीलवरून न घेता खाचेवरून घ्यावे. नवे सील हायड्रॉलिक तेलात भिजवून बोटांनी बसवावे. स्क्रूड्रायव्हरने रेटू नये. तेलाच्या सीलची कड आत तेलाकडे व धुळीच्या सीलची कड बाहेर असावी. आट्यांवरून सील सरकविताना त्यांवर टेप गुंडाळावी. दट्ट्याचा नट उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे घट्ट आवळावा.

जोडणी झाल्यावर ओझे न घेता लोडर सावकाश चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करावा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. नंतर बकेट खाली ठेवून तेलाची पातळी पाहावी. तेल पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. ब्रेकचे तेल कदापि घालू नये.

पुढील काळजी

काम संपताच दांड्यावरील शेण-माती पुसावी. पिनांना नियमित ग्रीस द्यावे. लोडर उभा करताना बकेट खाली टेकवावी, म्हणजे उचलणाऱ्या जॅकचे दांडे नळकांड्यात राहतात व गंजत नाहीत.

वर सांगितलेल्या मालकाने अखेर दांड्यावर क्रोम चढवून घेतले व मगच तिसरे सील बसविले. त्यानंतर हंगामभर जॅक गळला नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सील विकत आणण्यापूर्वी दांडा तपासण्याची ही साधी रीत शेतकरी बंधूंस प्रत्यक्ष करून दाखवावी.