उंच उडी कुठून येते?

मुलांनो, आधी एक प्रयोग करा. गुडघे वाकवा आणि तसेच तीन सेकंद थांबा. मग जोरात वर उडी मारा. आता दुसरी उडी. या वेळी झटकन खाली वाकायचं आणि न थांबता लगेच उडायचं. कोणती उडी जास्त उंच गेली? बहुतेक सगळ्यांची दुसरी!

असं का होतं? आपले स्नायू हाडांना ज्या चिवट दोऱ्यांनी जोडलेले असतात, त्यांना कंडरा किंवा टेंडन म्हणतात. टाचेच्या वर, मागच्या बाजूला चिमटीत धरून पाहा. ती जाड दोरी म्हणजे कंडराच. खाली वाकताना शरीर सावरायला स्नायू जोर लावतात आणि कंडरा रबरासारखी ताणली जाते. लगेच उडी मारली, तर तो जोर आणि तो ताण दोन्ही कामाला येतात. मध्ये थांबलात, तर बराचसा फायदा वाया जातो.

उंच उडीचा खेळाडू धावत येतो आणि एका पायावर उडतो. तो पाय जमिनीवर किती वेळ असतो? साधारण 0.15 ते 0.2 सेकंद! पूर्ण जोर लावायला स्नायूंना याहून जास्त वेळ लागतो. म्हणून नुसती ताकद असून भागत नाही, ती पटकन लावता आली पाहिजे.

त्यासाठी जो सराव करतात, त्याला प्लायोमेट्रिक्स म्हणतात. नाव अवघड आहे, पण नियम सोपा आहे: पाय टेकला की लगेच उचलायचा. दोरीवरच्या उड्या मारताना आणि लंगडी घालताना तुम्ही हेच करता. मोठे खेळाडू ओळीने मांडलेल्या अडथळ्यांवरून लागोपाठ उड्या मारतात.

स्वीडनच्या स्टेफान होल्मची उंची 1.81 मीटर. उंच उडीच्या खेळाडूंमध्ये तो बुटकाच! पण त्याने 2004 साली अथेन्सला ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं आणि 2005 साली 2.40 मीटर उंच उडी मारली. म्हणजे स्वतःच्या उंचीपेक्षा 59 सेंटिमीटर जास्त!

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. अशा उडीत एका पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. स्नायू लवकर मजबूत होतात, कंडरेला मात्र जास्त वेळ लागतो. म्हणून थोड्याच उड्या मारा, नीट मारा आणि मध्ये एक-दोन दिवस विश्रांती घ्या. गुडघा किंवा टाच दुखली, तर थांबा आणि मोठ्यांना सांगा. पाय जमिनीवर रेंगाळायला लागला की समजा, तो दमलाय. मग त्या दिवसाचा सराव संपला!

विचार करा आणि सांगा:
1. दुसरी उडी जास्त उंच का जाते?
2. लंगडी आणि उंच उडी यांत काय सारखं आहे?
3. रोज खूप उड्या का मारू नयेत?