उत्तर समोरच होतं!

फेब्रुवारी संपत आला की आमच्या जुन्नर-आंबेगावात दोन गोष्टींची धांदल उडते. शेतात कांद्याची आणि घरात दहावीची. गणिताची भीती असतेच. पण मोठ्या माणसांच्या तोंडी काळजी असते ती इंग्रजीची. "बाकीचं निघून जाईल हो सर, तेवढं इंग्रजीचं बघा!" नारायणगावच्या बाजारात, मंचरच्या एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणतात. बिबट्याच्या वाटेवर राहणारी आमची माणसं या वाघिणीपुढे मात्र हात टेकतात!

मी इंग्रजीचा मास्तर. तीस वर्षं याच दोन तालुक्यांत शिकवलं. पण उत्तर कसं शोधायचं, ते शिकवायला मला एका नापास मुलीनं भाग पाडलं.

साल १९९६. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते आलं २००० साली. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली ही मुलगी डोंगर उतरून शाळेत येई. वही स्वच्छ, पाठांतर चोख. मी फळ्यावर लिहून दिलेलं प्रत्येक उत्तर तिला स्वल्पविरामासकट पाठ. पास व्हायला पस्तीस लागत. ती सहा गुणांनी गेली. मी चिडून म्हणालो, "अगं, उताऱ्याचे प्रश्न तरी सोडवायचेस!" तिनं मान खाली घालून उत्तर दिलं, "सर, तो उतारा पुस्तकातला नव्हता. मग त्याचं उत्तर मला कुठून येणार?"

मी गप्प झालो. उत्तर तिच्या डोळ्यांसमोर छापलेलं होतं. पण उत्तर म्हणजे सरांनी द्यायचं आणि आपण पाठ करायचं, हे तिच्या मनावर मीच बिंबवलं होतं. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायला ती आलीच नाही. पुढे तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं.

त्यानंतर मी फळ्यावर उत्तरं लिहून देणं सोडलं. त्याऐवजी रोज दहा ओळींचा एक उतारा लिहू लागलो, मुलांच्या ओळखीच्या जगातला. कधी नाणेघाट, कधी शिवनेरी, कधी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. आणि चार सवयी लावल्या.

पहिली, आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. काय हरवलंय ते ठाऊक असलं की शोधणं सोपं जातं. दुसरी, प्रश्नातल्या पहिल्या शब्दाला गोल करायचा. 'हू' म्हणजे माणूस शोध, 'व्हेअर' म्हणजे जागा, 'व्हेन' म्हणजे वेळ, 'व्हाय' म्हणजे कारण. तिसरी, उत्तराचं अर्धं वाक्य प्रश्नातूनच उचलायचं. 'व्हेअर डिड द फार्मर गो?' याचं उत्तर 'द फार्मर वेंट टू मंचर'. इथे 'डिड' गळतो आणि 'गो'चा 'वेंट' होतो. आमची निम्मी मुलं 'डिड गो' लिहून गुण घालवत.

चौथी सवय अडलेल्या शब्दाची. एकदा उतारा डिंभे धरणावर होता. तालुक्याला ज्याचं नाव, ते जुनं आंबेगाव त्या धरणाच्या पाण्यात गेलं. 'धरण भरलं तेव्हा गाव सबमर्ज झालं' अशा अर्थाचं वाक्य होतं. 'सबमर्ज' कुणालाच येईना. मी म्हटलं, "मागचं-पुढचं वाचा. धरण भरलं, मग गावाचं काय झालं?" मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बुडालं, सर." त्याच्या आजोबांचं घर त्याच पाण्याखाली होतं. शब्दकोश न उघडता अर्थ सापडला होता.

पुढे दहावीच्या इंग्रजीला प्रश्नपत्रिकेऐवजी ८० गुणांची कृतिपत्रिका आली. तिच्या आराखड्यात पुस्तकाबाहेरचा उतारा आणि सारांश १५ गुणांना, तर पत्र, भाषण, बातमी यांसारखं लेखन २० गुणांना. म्हणजे ३५ गुण असे, की तिथे पाठ केलेलं उत्तर उपयोगाला येत नाही. तरीही परीक्षा जवळ आली की घरोघरी गाइडं उघडतात आणि घोकंपट्टी सुरू होते. मुलं तीच, भीती तीच.

पालकांना मी एकच सांगतो. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी बिघडत नाही. आज संध्याकाळी मुलाला न वाचलेला एखादा उतारा सोडवायला बसवा. उत्तर लिहून झालं की शेजारी बसून विचारा, "हे तुला कुठल्या ओळीत सापडलं? तिथं बोट ठेव." त्यानं ओळीवर बोट ठेवलं, की समजा पोराला वाट सापडली.

त्या मुलीला हे बोट ठेवायला मी कधी सांगितलंच नाही. सहाच तर गुण हवे होते.