'फाइल सापडत नाही' म्हणजे नेमकं काय सापडत नाही?

जर्मनीतल्या गार्चिंगच्या लाइब्निझ संगणन केंद्रात सुपरम्यूक-एनजी हा महासंगणक उभा राहिला तेव्हा त्यात 6,480 नोड होते. प्रत्येकात 48 कोअर, म्हणजे एकूण 3,11,040. नोव्हेंबर 2018 च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत तो आठवा होता. अशा यंत्रावर कोणी प्रोग्रामसमोर बसून राहत नाही. काम स्लर्म या कामं वाटून देणाऱ्या प्रणालीच्या रांगेत लावायचं आणि घरी जायचं. ते रात्री कधीतरी सुरू होतं, कधीतरी संपतं, आणि सकाळी हातात उरते ती आउटपुटची फाइल. त्या फाइलीत शेवटी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' एवढीच ओळ असेल, तर कुठली फाइल, कोण उघडत होतं, कशासाठी, यातलं काही म्हणजे काही कळत नाही.

शेजारच्या म्युनिक तांत्रिक विद्यापीठात पुण्या-नाशिकहून मास्टर्ससाठी मुलं येतात. बहुतेकांचं सी चांगलं असतं. पण सिस्टिम कॉल फसला की काय करायचं, याबद्दलचे काही समज कॉलेजच्या लॅबपासून त्यांच्यासोबत आलेले असतात. ते दूर व्हायला हवेत, कारण त्यांची किंमत प्रोग्राम लिहिणारा नाही, वापरणारा मोजतो.

गैरसमज: पेरर लिहिलं की चूक समजावून सांगितली.

कर्नल फक्त एक आकडा देतो. 64 बिटच्या इंटेल यंत्रावर लिनक्समध्ये फाइल न सापडून ओपन फसलं, तर कर्नल उणे 2 परत करतो. सी लायब्ररी त्याचं उणे 1 करून तुमच्या हाती देते आणि 2 हा आकडा एरनो या व्हेरिएबलमध्ये ठेवते. पेरर त्या दोनचं वाक्य करून छापतं, बस. कुठला पाथ होता, कुठले फ्लॅग होते, हे त्या आकड्याबरोबर येत नाही.

एक उदाहरण नीट पाहू. 'निकाल/जून/तापमान.डॅट' ही फाइल लिहिण्यासाठी उघडायची आहे आणि 'नसेल तर बनव' हा फ्लॅगही दिला आहे. तरी उत्तर येतं, अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. मुलं चक्रावतात: नसेल तर बनव असंच तर सांगितलंय! पण तो फ्लॅग फक्त शेवटची फाइल बनवतो, वाटेतली 'जून' डिरेक्टरी नाही. हाच आकडा आणखी वेगळ्या कारणांनीही येतो. सिंबॉलिक लिंक आहे, पण ती जिथे बोट दाखवते तिथे काहीच नाही. किंवा पाथ सापेक्ष आहे आणि प्रोग्राम भलत्याच डिरेक्टरीतून सुरू झाला आहे. सगळ्यात छळणारा प्रकार स्क्रिप्टचा. फाइल डोळ्यांसमोर दिसते, एलएस ती दाखवतं, तरी चालवताना 'नाही' म्हणतं. ती विंडोजवर सेव्ह झालेली असते. पहिल्या ओळीत इंटरप्रिटरच्या नावाला एक न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटलेलं असतं, आणि त्या नावाचा इंटरप्रिटर खरोखरच यंत्रावर नसतो. म्हणजे जे सापडत नाही ते स्क्रिप्ट नव्हे, इंटरप्रिटर.

ऑस्ट्रेलियाच्या पीटर मिलर यांनी याच दुखण्यावर लिबएक्सप्लेन ही लायब्ररी लिहिली. कॉल फसल्यावर ती तेच आर्ग्युमेंट घेऊन पाथचा एकेक तुकडा तपासते आणि कुठला कॉल, कुठल्या पाथवर, कुठल्या फ्लॅगसह फसला हे सांगून वर कारण देते: अमुक डिरेक्टरीत 'जून' नावाची डिरेक्टरीच नाही. कॉल फसणं आणि तपासणी होणं यांच्या मधल्या क्षणात फाइल सिस्टिम बदलू शकते, एवढी तिची मर्यादा लक्षात ठेवावी. लायब्ररी वापरायची नसली तरी हरकत नाही. पाथ तुमच्या व्हेरिएबलमध्ये आहे, हेतू तुम्हाला ठाऊक आहे. 'जूनचं तापमान लिहिण्यासाठी अमुक फाइल उघडता आली नाही, कारण...' एवढं वाक्य स्वतः छापायला एकच ओळ लागते.

गैरसमज: परमिशन डिनाइड आलं, की त्या फाइलवर सीएचमॉड चालवायचं.

फाइलची परवानगी ठीक असूनही वरच्या एखाद्या डिरेक्टरीवर एक्झिक्यूट परवानगी नसेल, तर तिच्यातून आत जाताच येत नाही. म्हणून मुळापासून एकेक पायरी पाहावी. सगळ्यांना 777 देऊन मोकळं होणं हा उपाय नाही. सामायिक यंत्रावर तर अजिबातच नाही.

गैरसमज: एरनो शून्य नसेल तर काहीतरी फसलंय.

यशस्वी झालेला कॉल एरनो पुसत नाही. सी मानकानुसार प्रोग्रामच्या सुरुवातीला तो शून्य असतो आणि लायब्ररीचं कुठलंही फंक्शन तो परत शून्य करत नाही. म्हणून आधी परत आलेली किंमत पाहायची, ती अपयश सांगत असेल तरच एरनोकडे वळायचं. आणि वळायचं ते ताबडतोब, मध्ये एखादं प्रिंटएफ घुसण्याआधी. जुन्या युनिक्सवर स्टँडर्ड आउटपुट टर्मिनल आहे का, हे लायब्ररी आतल्या आत तपासून पाही आणि ते नसेल तर एरनोत वेगळाच आकडा ठेवून जाई. त्यामुळे भलत्याच चुकीसाठी 'हा टाइपरायटर नाही' असा संदेश लोकांनी वर्षानुवर्षं वाचला. पीथ्रेडची फंक्शनं तर एरनोला हातच लावत नाहीत, चुकीचा आकडा थेट परत देतात.

गैरसमज: उणे 1 आला नाही, म्हणजे काम झालं.

महासंगणकावर खरं नुकसान इथे होतं. चार जीबीचा ॲरे एकाच राइट कॉलने लिहायला दिला, तर लिनक्स एका वेळी जास्तीत जास्त 2,147,479,552 बाइट लिहितो आणि तेवढाच आकडा परत करतो. ही चूक नव्हे, अर्धवट लेखन आहे. उरलेलं लूप लावून लिहिणं तुमचं काम. ज्यांनी 'मागितले तेवढे बाइट आले नाहीत' म्हणून सरळ पेररला बोलावलं, त्यांच्या फाइलीत 'लेखन फसलं: सक्सेस' अशी ओळ उमटते.

दुसरी गोष्ट घरच्या लिनक्सवर आत्ता करून पाहता येईल. तिथे डेव्ह डिरेक्टरीत फुल नावाचं एक डिव्हाइस असतं. त्यावर काहीही लिहा, जागा संपल्याचीच चूक मिळते. पहिल्या दिवशी शिकलेल्या 'हॅलो वर्ल्ड' प्रोग्रामचं आउटपुट त्याच्याकडे वळवा. एक अक्षरही लिहिलं जाणार नाही आणि तरी प्रोग्राम शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', सांगून संपेल. कारण प्रिंटएफने मजकूर बफरमध्ये ठेवला, तो शेवटी बाहेर ढकलताना फसला आणि तेव्हा कोणी विचारलंच नाही. कोटा संपल्याची चूकही अशीच उशिरा, एफक्लोजपाशी येऊ शकते. क्लोजची परत आलेली किंमत न तपासणं ही मला सी शिकवण्यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

गैरसमज: संदेशाचा मजकूर जुळवून चूक ओळखता येते.

जर्मन लोकेल लावलेल्या यंत्रावर तोच दोनचा आकडा 'डाटाय ओडर फेर्त्साइखनिस निख्त गेफुंडेन' असं बोलतो. इंग्रजी वाक्य शोधणारी स्क्रिप्ट तिथे गप्प बसते. तुलना नेहमी एरनोच्या स्थिरांकाशी करावी, मजकूर माणसासाठी ठेवावा.

गैरसमज: इतक्या तपासण्या केल्या तर प्रोग्राम मंदावतो.

सिस्टिम कॉल म्हणजे कर्नलमध्ये जाऊन परत येणं. त्यापुढे एका पूर्णांकाची तुलना नगण्य आहे, आणि लांबलचक संदेश बनवण्याचा खर्च फक्त फसल्यावरच पडतो. तेव्हा खुशाल सविस्तर लिहा. अनेक प्रक्रिया एकत्र चालवणारं एमपीआय वापरत असाल तर रँक, म्हणजे प्रक्रियेचा क्रमांक, आणि नोडचं नावही छापा, नाहीतर हजारो प्रक्रियांपैकी कोणाची तक्रार आहे हे कळणार नाही. संदेश स्टँडर्ड एररवर जाऊ द्या आणि शून्य नसलेला एक्झिट कोड देऊन थांबा. स्लर्ममध्ये पुढचं काम 'आफ्टरओके' अटीवर लावलेलं असतं. आधीचं काम शून्याने संपलं तरच ते सुरू होतं. शून्य खोटं असेल, तर ते अर्धी फाइल वाचून पुढचा हिशेब करत बसेल.