बांधावरची घूस आणि शेजाऱ्याचे रान

करवीर तालुक्यातील एका गावात आम्ही शेतातील उंदरांविषयी बोलायला गेलो होतो. बोलणे संपल्यावर मागच्या रांगेतून एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, औषध टाकलं तवा आठ दिवस एक बी उंदीर दिसला न्हाई. दोन म्हैन्यांत पुन्हा हाय तसंच. औषधच बोगस म्हणायचं का?"

औषध बोगस नव्हते. चूक कुठे झाली हे समजून घ्यायचे तर आधी उंदराचे बिऱ्हाड पाहायला हवे.

बांधातले बिऱ्हाड

उसाच्या आणि भाताच्या शेतात सर्वांत जास्त नुकसान करणारा प्राणी म्हणजे लहान घूस. तिचे शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. काळपट राखाडी रंग, बोथट तोंड, अंगापेक्षा आखूड शेपूट आणि सुमारे पाव किलो वजन, अशी तिची ओळख. बांधावर ताज्या, भुसभुशीत मातीचा ढिगारा दिसला की खाली घुशीचे बीळ आहे असे समजावे. घूस बहुधा बिळाचे तोंड आतून मातीने बंद करते. आत बोगद्यांचे जाळे असते, राहण्याची जागा वेगळी आणि धान्याचे कोठार वेगळे.

घुशीचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून ती सतत कुरतडते. उसाची बुडाकडची कांडी ती पोखरते. जखमेतून रोगजंतू शिरतात, रस आंबतो, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. पोखरलेल्या बांधातून पाणी झिरपते आणि पाणी पाजताना बांध फुटतो तो वेगळाच.

घर कोणी बांधून दिले?

घुशीचा एक दूरचा नातेवाईक उत्तर अमेरिकेत अशीच डोकेदुखी ठरतो. त्याचे नाव बीव्हर. हाही कुरतडणारा प्राणी. झाडे पाडून तो ओढ्यावर बांध घालतो, पाणी तुंबते आणि लोकांच्या शेतात शिरते. पूर्वी यावर उपाय एकच असे: बीव्हर पकडायचा आणि बांध फोडायचा. पण बीव्हरची पिल्ले साधारण दोन वर्षांची झाली की नव्या जागेच्या शोधात निघतात. त्यांना ही रिकामी जागा सापडली की बांध पुन्हा उभा राहतो. म्हणून आता अनेक ठिकाणी बीव्हरला राहू देतात, पण त्याच्या बांधातून एक नळ काढतात. नळाच्या तोंडाशी जाळीचा पिंजरा बसवतात. त्यामुळे पाण्याची पातळी ठरावीक उंचीपलीकडे चढत नाही. झाडांच्या बुंध्यांनाही जाळी गुंडाळतात. म्हणजे प्राण्यावर रोख न धरता जागेची व्यवस्था बदलतात.

कोल्हापूरची गोष्ट याच्या उलट आहे. इथे बांध घालणारे आपण आहोत. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. पुढे पावसाळा सरताच बरगे घालून पाणी अडवणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ठिकठिकाणी झाले. बारमाही पाणी आले, ऊस आला आणि घुशीला बारमाही आसरा मिळाला. आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास रानात उभा असतो. भात कापले की घुशी शेजारच्या उसात शिरतात. एका रानात ऊसतोड झाली की दुसऱ्याच्या उभ्या उसात जातात. लोळलेला ऊस, गवत माजलेला रुंद बांध आणि तसाच पडलेला पाला ही तर त्यांची आवडती ठिकाणे.

रिकामी जागा आणि संशयी जीभ

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. घुशीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा. एका वेताला सरासरी सात पिल्ले धरू. समजा, एका शिवारात १०० घुशी होत्या आणि विषाने ९० मेल्या. उरलेल्या १० पैकी पाच माद्या. एका वेतात ३५ पिल्ले, दुसऱ्या वेतात आणखी ३५. जुन्या १० धरून संख्या ८० झाली. प्रत्यक्षात सगळी पिल्ले जगत नाहीत, पण जागा आणि खाणे मुबलक असले की जास्त जगतात. शिवाय शेजारच्या रानातून नव्या घुशी येतात त्या निराळ्याच. सातबाऱ्यावरची हद्द घूस ओळखत नाही.

दुसरी अडचण जिभेची. उंदीरवर्गातील प्राण्यांना उलटी करता येत नाही. पोटात गेलेले विष बाहेर टाकता येत नसल्याने नवे खाणे ते आधी थोडेसे चाखून पाहतात. झिंक फॉस्फाइडचा परिणाम काही तासांतच दिसतो. थोडे खाऊन जो उंदीर वाचतो, तो त्रासाचा संबंध त्या आमिषाशी जोडतो आणि पुढे त्याला तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस विष नसलेले तेच आमिष ठेवून सवय लावावी लागते. ब्रोमॅडियोलोनसारखी विषे रक्त गोठू देत नाहीत. त्यांचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे असा संशय येत नाही. पण असा उंदीर घुबडाने खाल्ला, तर विष घुबडाच्याही पोटात जाते. ज्याला आपण सवयीने औषध म्हणतो ते विष आहे, हे विसरता कामा नये.

मग करायचे काय?

पहिले, घर काढून घ्यावे. बांध अरुंद आणि स्वच्छ ठेवावेत, ऊस लोळू देऊ नये. दुसरे, वेळ साधावी. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या सुमारास बरीच राने मोकळी असतात, खाणे कमी असते आणि घुशी बांधांवर एकवटलेल्या असतात. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, अख्ख्या शिवाराने एकाच आठवड्यात काम करावे. विष वापरायचेच झाले, तर कृषी विभागाच्या माहितगार माणसाच्या सल्ल्याने, फक्त चालू बिळात घालावे आणि मेलेले उंदीर खोल पुरावेत. चौथे, आयते मदतनीस सांभाळावेत. धामण बिळात शिरून उंदीर खाते. गव्हाणी घुबडाचे तर मुख्य अन्नच उंदीर आहे. त्याला अपशकुनी म्हणून हाकलणे म्हणजे राखणदाराला हाकलणे होय.

शाळेत करून पाहण्याजोगे

शाळेजवळच्या एका बांधाचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा आणि त्यात सर्व बिळे दाखवावीत. संध्याकाळी एखाद्या मोठ्या माणसाने खोऱ्याने बिळांची तोंडे मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील ती चालू बिळे. दर महिन्याला ही मोजणी करून आलेख काढला, तर पीक, पाऊस आणि उंदीर यांचे नाते मुलांना आपोआप दिसेल. मात्र बिळात हात घालू देऊ नये, कारण अशा बिळांतून नाग-घोणसही राहतात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. म्हणून हातापायाला जखम असलेल्या मुलांना ओल्या रानात नेऊ नये, आणि परतल्यावर सर्वांनी साबणाने हात-पाय धुवावेत.

जुन्या वाड्यात किंवा देवळाच्या वळचणीला घुबड राहत असेल, तर खाली केसांच्या काळपट गोळ्या सापडतात. खाल्लेल्या प्राण्याचे न पचलेले केस आणि हाडे घुबड अशा गोळीच्या रूपात तोंडावाटे टाकते. हातमोजे घालून गोळी उचलावी, जंतुनाशकाच्या पाण्यात भिजवावी आणि चिमट्याने सोडवावी. आतल्या कवट्या मोजल्या की घुबडाने किती उंदीर खाल्ले ते मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी कळेल.

त्या शेतकऱ्याला आम्ही एवढेच म्हणालो, "दादा, औषध चांगलं होतं. पण ते तुमच्या एकट्याच्या रानात पडलं." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग शेजारी बसलेल्या गृहस्थांकडे वळून म्हणाले, "ऐकलंस न्हवं? औंदा दोघांनी मिळून बांध साफ करायचा." बांधावरून वर्षानुवर्षे भांडणाऱ्या आपल्या गावांत हे एक वाक्य कोणत्याही विषापेक्षा जास्त गुणकारी आहे.